बागेतले सहा शनिवार : सेक्टरच्या उद्यानात उन्हाळी कार्यक्रमांची मालिका कशी उभी करावी

पहिल्या वर्षी आम्ही आमच्या नेरूळच्या बागेत दोन अंकी कौटुंबिक नाटक आणलं होतं. दिवाणखान्याचे चार फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या केलेल्या भिंती, मध्ये सोफा, उजवीकडे देवघर. साडेसातच्या सुमारास खाडीकडून वारा सुटला आणि सासूबाईंचं ऐन जोशातलं वाक्य चालू असताना देवघराची भिंत सोफ्यावर आडवी झाली. कुणाला लागलं नाही. प्रेक्षक हसले, मग सासूबाईही हसल्या, आणि दुसऱ्या अंकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या शनिवारी त्याच जागी भारुड होतं. एकतारी, टाळ, पखवाज आणि एका माणसाने नेसलेलं जुनं लुगडं, एवढाच सरंजाम. वारा तसाच होता. त्याने पदर उडवला, सोंगाड्याने त्या पदराशीच भांडण उकरून काढलं, आणि ट्रॅकवर चालणारी माणसं एकेक करत थांबली ती शेवटपर्यंत हलली नाहीत.

तेव्हापासून आमच्या गटाचा एकच नियम आहे. नाट्यगृहात जे शोभतं ते नाट्यगृहात जाऊन बघायचं. वाशीला विष्णुदास भावे आहे, ठाण्यात १९७८पासून गडकरी रंगायतन आहे, घोडबंदरच्या बाजूला काशिनाथ घाणेकर आहे. बागेत आणायचं ते मुळात उघड्यावर जन्मलेलं, किंवा उघड्यावर निभावू शकणारं. जागा, आवाज, दिवे, खर्च, सगळं या एका निवडीमागून येतं.

तारखा फेब्रुवारीतच जाहीर करा

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून चार-पाच जणांनी बसायचं. मार्चचा शेवट ते मेचा दुसरा आठवडा, यातले सहा शनिवार काढायचे. याच्या पुढे जाऊ नका. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून असली तरी २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला, आणि वळवाची सर तर त्याच्याही कितीतरी आधी गाठते.

सहाही शनिवार सलग मिळत नाहीत. रामनवमी, हनुमान जयंती आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती या दिवसांत पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. त्या आठवड्यात परवानगीसाठी हेलपाटे मारण्यापेक्षा तो शनिवार सोडून द्या. राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये रेंगाळतात, म्हणून मुलांचे कार्यक्रम मे महिन्यात टाका. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, त्यावर कुणाकडेच इलाज नाही. मुंबईचा सामना असेल त्या दिवशी तरुण मंडळी येणार नाहीत, हे गृहीत धरून कीर्तन ठेवा.

जाहीर करायची घाई फेब्रुवारीतच का, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आमच्या सेक्टरमधला निम्मा माणूस मे महिन्यात कोकणात किंवा घाटावर जातो आणि तिकिटं मार्चमध्ये काढतो. तारखा त्याआधी फ्रिजवर लागल्या तर काहीजण निघायचा दिवस शनिवारऐवजी रविवार करतात. गंमत नाही, आमच्याकडे झालंय हे.

वेळ मात्र सहाही वेळा तीच. सव्वासात ते पावणेनऊ. दीड तास, मध्यंतर नाही. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य सहा पंचावन्नच्या आसपास बुडतो, मेच्या मध्यावर सातनंतर चार-पाच मिनिटांनी. सव्वासातला संधिप्रकाश असतो, झाडांच्या कडा अजून दिसतात, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत अंधार उतरताना मंच आपोआप उजळत जातो. एवढी सुंदर प्रकाशयोजना फुकट मिळते, ती वाया घालवू नका.

बाग कुणाची?

प्रश्न सोपा वाटतो, पण नवी मुंबईत उत्तर सेक्टरगणिक बदलतं. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या बागा बहुतेक नवी मुंबई महापालिकेकडे आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६पासून पनवेल महापालिकेत. काही भूखंड अजून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्याच नावावर. काही बागा सोसायट्यांना देखभालीला दिलेल्या. आम्ही एका वर्षी दीड आठवडा चुकीच्या दारात बसून काढला, कारण फाटकावरची पाटी जुनी होती. विभाग कार्यालयात जाऊन बाग सध्या कुणाच्या ताब्यात आहे हे तोंडी नाही, अर्जावर लिहून घ्या. ठाण्यात हेच काम प्रभाग समितीच्या कार्यालयातून सुरू होतं.

तीन वेळा जाऊन बसा

परवानगीच्या अर्जाआधी एका आठवड्यात तीनदा बागेत जा. वही न्या, मोजपट्टी न्या.

पहिल्यांदा पाच वाजता. फरशीवर तळहात ठेवा. दिवसभर तापलेली पेव्हर ब्लॉकची जमीन सहा वाजेपर्यंतही अनवाणी नाचू देत नाही. त्याच वेळी तिथे कोण खेळतं ते बघा. आमच्या बागेत त्या तुकड्यावर सात-आठ मुलांचा क्रिकेटचा कायमचा अड्डा होता. त्यांना हुसकावून मंच उभा केला असता तर सहाही आठवडे टेनिसचा चेंडू तबल्यावर आला असता. त्यांनाच सतरंज्या घालायला आणि पाणी वाटायला घेतलं. आता ते ‘आपला प्रोग्राम’ म्हणतात.

दुसऱ्यांदा पावणेसातला, आणि हे कुणी सांगत नाही. बागेत मोठं विलायती शिरीष किंवा पिंपळ असेल तर मैना, कावळे, पोपट याच वेळी मुक्कामाला येतात. वीस-पंचवीस मिनिटं असा कल्ला चालतो की माईकवरचा माणूस ऐकू येत नाही. सातच्या पुढे तो एकदम विझतो. आमची सव्वासातची वेळ खरं तर या मैनांनी ठरवली आहे.

तिसऱ्यांदा साडेआठला. कोणते खांब चालू, कोणते बंद, डास किती, आजोबांचा कट्टा कुठे भरतो. माळीदादांना विचारा, पाणी कोणत्या वेळी आणि कोणत्या भागात सोडतात. हिरवळ ओली असेल तर सतरंजी, साडी आणि वीज या तिन्हींची वाट लागते. शुक्रवार सकाळपासून त्या तुकड्याला पाणी नको, ही विनंती दर आठवड्याला नव्याने करावी लागते. त्या आठवड्यात शेणखत टाकलं नाही ना, हेही विचारून घ्या.

मग मंचाची दिशा. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. मंच पश्चिमेला आणि लोक पूर्वेला बसले तर आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडे जातो. तोटा एवढाच की मावळतीचा सूर्य प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतो, पण सव्वासातला तो गेलेला असतो. ठाण्यात उपवन, वर्तकनगर भागात तर सूर्य येऊरच्या डोंगराआड लवकरच उतरतो. मंचामागे भिंत किंवा दाट झुडपांची रांग असेल तर सोन्याहून पिवळं, मग पडदा लागत नाही.

जागेचा अंदाज असा. जमिनीवर बसणाऱ्या माणसाला साधारण पाच-सहा चौरस फूट, खुर्चीला वाटेसकट आठ. पुढे सतरंज्या, मागे दोन-तीन रांगा खुर्च्या आजी-आजोबांसाठी. मंच २० बाय १६ फूट आणि उंची दीड ते दोन फूट, त्याहून जास्त नको. चार फुटी मंच भाषणासाठी ठीक, पण जमिनीवर बसलेल्या पोराला त्यावरून फक्त नाचणाऱ्याचे गुडघे दिसतात. ट्रॅक अडवू नका. चालणारी माणसं हाच तुमचा पुढच्या आठवड्याचा प्रेक्षक.

कागद

क्रम महत्त्वाचा. आधी उद्यान विभागाचं किंवा बागेच्या मालकाचं जागेसाठी पत्र, त्याची प्रत जोडून स्थानिक पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज. मांडव घालणार असाल तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला. आम्ही मांडव घालतच नाही. आकाश झाकायचं तर बागेत कशाला यायचं? सहाही तारखा एकाच अर्जात टाका, पण प्रत्येक आठवड्याच्या गुरुवारी पोलीस ठाण्यात तोंड दाखवून या.

नाटक, एकांकिका, प्रहसन असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळी त्याला सेन्सॉर म्हणतात. आधी प्रयोग झालेल्या संस्थेकडे ते असतंच, प्रत मागून फाईलला लावा. नवी संहिता असेल तर दीड-दोन महिने हाताशी ठेवून पाठवा.

गाण्यांचं थोडं नाजूक आहे. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण व्यावसायिक कलाकार मानधन घेऊन गाणार असतील, किंवा तुम्ही ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल, तर ती सूट आपल्यालाही आहे असं धरून चालू नका. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी पीपीएल, या संस्थांकडे परवान्याची चौकशी करा. आणि कायदा काहीही म्हणो, लेखक हयात असेल तर त्याला फोन करून विचारा. नाही म्हणणारा लेखक मला अजून भेटलेला नाही.

काय आणायचं

इथे घाई करू नका. सहा शनिवारांचा चढ-उतार जुळवायला आमचे दोन महिने जातात.

पहिला शनिवार मोठ्या आवाजाचा हवा, म्हणजे सेक्टरला कळतं. पोवाडा उत्तम. डफ, तुणतुणं, झांज, मागे साथीला सूर धरणारे झीलकरी. शाहिराचा आवाज माईकशिवाय पन्नास फुटांवर जातो, कारण तो प्रकारच चौकात वाढला. भारुडही तसंच. नारदीय कीर्तन एकट्या माणसाच्या बळावर उभं राहतं. पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचं निरूपण, आवरता घ्यायला आणि उत्तररंगात आख्यान रंगवायला बुवांना आधीच सांगा, नाहीतर पावणेनऊला अजून निरूपणच चाललेलं असतं.

दशावतार म्हणजे उघड्या मंचाचा राजा. नेपथ्य म्हणून एक बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्य, तेच युद्धभूमी. पायपेटी, पखवाज, झांज. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे कुत्रं मंचावर आलं तरी ते आख्यानात सामावतं. पण मूळ खेळ रात्रभर चालणारा. दीड तासात बसेल असं आख्यान मंडळाशी बोलून ठरवा. मुकुट, भरजरी कपडे आणि मुंबईची आर्द्रता यांचं जमत नाही. मंचामागे दोन मोठे पंखे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी लागतंच. कोकणातली मंडळी जत्रांच्या हंगामात गुंतलेली असतात, म्हणून तारीख जानेवारीतच पक्की करा.

आता जे हातापायाशी आहे आणि ज्याच्याकडे आपण बघत नाही ते. नवी मुंबई वसली ती आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर. सेक्टरच्या शेजारचं गावठाण आपल्या आधीचं आहे. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. हळद, मांडव, एकेका विधीला तिचं वेगळं गाणं. आम्ही गावातल्या दोन आजींना बोलावलं, त्या आधी तयारच होईनात. ‘लग्नाबिगर धवला कसा गावाचा?’ असं त्यांचं म्हणणं. मग मंचावर मांडवाचा एक डहाळा आणि हळदीचं ताट ठेवलं, त्यांच्या सुना-नातींना बरोबर बसवलं, तेव्हा त्या गायल्या. आपल्या भाषेच्या इतक्या जवळ असलेलं आणि तरी इतकं अनोळखी काही मी बागेत ऐकलं नव्हतं. एक अडचण अशी की एप्रिल-मे हा लग्नांचा मोसम, त्या मोकळ्या नसतात. त्यांना विचारून तारीख धरा, तुमची तारीख त्यांच्यावर लादू नका.

ठाण्याच्या मंडळींना येऊरचे पाडे जवळ आहेत. वारली तारपा नृत्याला मंच लागतच नाही, किंबहुना मंचावर ते मरतं. दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली साखळी फिरत राहते. हिरवळीवर मोठं वर्तुळ मोकळं सोडा आणि लोकांना चहूबाजूंनी बसवा. तारपा कधी वाजवायचा, कधी नाही, याचे त्यांचे संकेत असतात. ते आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही.

पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या मुलांना वेड लावतात, पण बाहुली हातभर. पन्नासाव्या माणसाला काहीच दिसत नाही. त्यासाठी एका संध्याकाळी अर्ध्या तासाचे तीन खेळ लावा आणि मुलांचे गट पाडा.

शास्त्रीय गायन? इथे आमच्या गटात मतभेद आहेत. माझं मत : बागेत ख्याल नको. तानपुऱ्याची आस वाऱ्यात विरून जाते, आणि दमट हवेत तबल्याची पुडी उतरत राहते. तबलजी सारखा हातोडी काढतो आणि गायक त्याच्याकडे डोळे वटारतो. भावगीतं, अभंग, नाट्यपदं चालतात. नृत्य चालतं, फरशीवर जाजम घट्ट ताणून चिकटवलेलं असेल तर. कविसंमेलन चालतं, पण सात कवींपेक्षा जास्त नाही, आणि अध्यक्षीय भाषण अजिबात नाही.

ठाण्यात अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा, अभिनय कट्टा अशी कट्ट्यांची चांगली परंपरा आहे. नवं काही उभं करण्याआधी दोन-चार वेळा तिथे जाऊन मागच्या रांगेत बसा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कुणी येवो न येवो सुरू करायचं, ही शिस्त बघण्यासारखी आहे.

आवाज : जास्त नाही, जवळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यांचं मूळ ‘मोठा स्पीकर लावा’ या एका वाक्यात असतं.

उघड्यावर भिंती नसतात, आवाज परतून येत नाही. अंतर दुप्पट झालं की तो साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ९५ असेल तर दोन मीटरवर ८९, चारवर ८३, आठवर ७७, सोळावर ७१. आता मागच्या रांगेला ऐकू यावं म्हणून एकच मोठा स्पीकर चढवला की पहिल्या रांगेतल्या पोराचे कान फुटतात आणि समोरच्या इमारतीतली चौथ्या मजल्यावरची ताई पोलिसांना फोन करते. त्याऐवजी मंचाशी दोन मध्यम आणि मधल्या रांगांजवळ दोन छोटे स्पीकर लावा. छोटे १५ मीटर मागे असतील तर त्यांना मिक्सरवर साधारण ४३ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. साऊंडवाल्याला ‘डिले लावता येईल का?’ एवढंच विचारा. तो गोंधळला तर दुसरा साऊंडवाला बघा.

स्पीकरचं तोंड किंचित खाली, सतरंजीकडे झुकलेलं हवं. समोर उंच इमारत असेल तर हे आणखी गरजेचं. भिंत ४० मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत येईपर्यंत जवळपास पाव सेकंद जातो आणि पोवाड्याचं कडवं स्वतःवरच आदळतं. ठाण्याच्या टॉवरांमध्ये हा त्रास मोठा आहे.

कायद्याचे आकडे पाठ असू द्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज आसपासच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे आपल्या बागेच्या कुंपणाशी हिशोब ६५चा. मोबाईलवरचं मापन कोर्टात टिकणार नाही, पण कुंपणापाशी उभं राहून अंदाज घ्यायला पुरतं. आमच्याकडे एका मुलीचं तेवढंच काम असतं. ती कुंपणावरून हात खाली करते, मिक्सरवाला खाली आणतो. शेजारी दवाखाना किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्राचं पोलीस ठाण्यातच स्पष्ट करून घ्या.

माईकला स्पंजची टोपी हवीच, वाऱ्याची फडफड नाहीतर गाण्यापेक्षा मोठी ऐकू येते. एकांकिकेसाठी जमिनीवर ठेवलेले माईक बागेत निरुपयोगी. डोक्याला लावायचे माईक परवडत नसतील तर नटांना मोजक्या दोन जागांवर आणून बोलवणारं दिग्दर्शन करा. आणि कुठल्याही बिनतारी माईकमध्ये दर शनिवारी नवे सेल. अर्धे वापरलेले सेल मुलांच्या खेळण्यांना द्या.

मालिका सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बागेला लागून असलेल्या प्रत्येक जिन्यात जा. चिठ्ठी नको, दार वाजवा. सहा तारखा आणि पावणेनऊची वेळ सांगा, आणि एका माणसाचा फोन नंबर द्या, जो कार्यक्रम चालू असताना खरंच उचलला जाईल. कुणाकडे आजारी माणूस, कुणाकडे तान्हं मूल. आम्ही एका आजोबांच्या खिडकीसमोरचा स्पीकर हलवला, तेव्हापासून ते दर शनिवारी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात.

वीज आणि दिवे

बागेच्या खांबातून आकडा टाकून वीज घेऊ नका, कुणी कितीही ‘चालतं हो’ म्हणालं तरी. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, किंवा लगतच्या सोसायटीच्या मीटरखोलीतून लेखी संमतीने. १६ अँपिअरचा एक पॉइंट २३० व्होल्टला साधारण ३,६८० वॉट देतो. मंचावर झोत टाकणारे एलईडीचे आठ ‘पार’ दिवे, साऊंड आणि दोन पंखे त्यात आरामात बसतात. जुने हॅलोजन लावले तर बसत नाहीत. अर्थ लीकेज, म्हणजे वीजगळती, झाली की पुरवठा तोडणारा स्विच बोर्डावर असलाच पाहिजे, आणि तो स्वतःच्या डोळ्यांसमोर बटण दाबून तपासा. केबल हिरवळीवरून नको, कडेने. ट्रॅक ओलांडायचा तिथे रबरी रॅम्प.

दिवे पिवळसर ठेवा. पांढऱ्या प्रकाशाकडे किडे जास्त धावतात. अभंगाच्या आलापात गायिकेने पंखवाली मुंगी गिळली, तो शनिवार आम्ही विसरलेलो नाही. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत, तारा गुंडाळायच्या नाहीत. स्टँड भाड्याने मिळतात. पावणेनऊला दिवे बंद. फांद्यांवर झोपायला आलेल्यांनी दीड तास सोसलेलं असतं.

उकाडा, वारा, वळीव

१६ एप्रिल २०२३ला आमच्या शेजारच्या खारघरमध्ये उघड्या मैदानावर, भर उन्हात एक मोठा शासकीय सोहळा झाला आणि उष्माघाताने माणसं गेली. तेव्हापासून आम्ही दुपारच्या तालमी बंद केल्या. साऊंड तपासणी पाचनंतर. मंच बांधणारी मंडळी सकाळी सातला येतात, दहाला मोकळी होतात. हवामान खात्याने उष्णतेचा इशारा दिला असेल त्या दिवशी लहान मुलांचा आणि जड वेशभूषेचा कार्यक्रम पुढे ढकलतो. किनारपट्टीला ३७ अंशही पुरेसे असतात, कारण घाम वाळत नाही.

माणशी अर्धा लिटर पाणी धरा. तीनशे माणसांना दीडशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार. स्टीलचे पेले आणि ते विसळायला एक माणूस, प्लास्टिकचे ग्लास नकोत. ओआरएसची पाकिटं, ओला टॉवेल, एक आडवं होता येईल असं बाकडं आणि १०८ लावणारा एक ठरलेला माणूस. सरबत कोकमाचं, थोडं मीठ घालून.

वाऱ्याचं जास्त गंभीरपणे घ्या. १३ मे २०२४ला दुपारी धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. आपला फलक दहा बाय आठचा असला तरी वाऱ्याला ते शीडच. मंचामागे फ्लेक्स लावू नका. नाव हवंच असेल तर जाळीदार कापडावर, कमरेच्या उंचीवर. प्रायोजकाला हे आवडत नाही. त्याला घाटकोपरचं सांगा.

मे महिन्यात आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप एकाच्या फोनवर चालू हवं. गडगडाट ऐकू आला की कार्यक्रम थांबवायचा. मिक्सरवर ताडपत्री, वीज मेन बोर्डावरून बंद, लोक झाडाखाली नाही तर जिन्यांत. कोणत्या इमारतीचा जिना उघडा असेल हे आधी ठरलेलं असावं. हे तीन वाक्यांत निवेदकाच्या कागदावर छापून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाही.

पैसे, थोडक्यात

तिकीट लावू नका. करांचा आणि परवानग्यांचा वेगळाच पसारा मागे लागतो आणि ट्रॅकवरचा माणूस थांबत नाही. खर्चाचे तीन मोठे भाग : साऊंड-दिवे, मानधन, मंच. मंच सहा आठवड्यांसाठी एकदाच ठरवला की स्वस्त पडतो. साऊंडवाल्याचंही तसंच. सोसायट्यांनी घरटी ठरावीक रक्कम दिली तर प्रायोजकाची गरज निम्मी होते. झोळी फिरवा, पण शेवटी, आणि जमलेली रक्कम तिथेच मोजून सांगा. कलाकाराचं मानधन त्याच रात्री, पाकिटात, चहाच्या आधी. ‘सोमवारी ट्रान्सफर करतो’ हे वाक्य आम्ही बंद केलंय.

शनिवार

सकाळी सात : मंच, जाजम. चार : मोठी मुलं झाडून घेतात, डासांसाठी फवारणी झाली का बघतात, ती आठवडाभर आधी विभाग कार्यालयाला सांगितलेली असते. पाच : वीज आणि साऊंड. साडेपाच : कलाकार. त्यांना कपडे बदलायला तळमजल्यावरचं एखादं घर आणि स्वच्छ बाथरूम, हे मानधनाइतकंच लक्षात राहतं. सव्वासहा : सतरंज्या. पावणेसात : मैना. सात दहा : निवेदक एकदाच उभा राहतो, बाहेर जायच्या वाटा दाखवतो, पाणी कुठे आहे सांगतो आणि बसतो. दीपप्रज्वलन नाही, वाऱ्यात ज्योत टिकत नाही आणि पाच पाहुण्यांच्या हातात पाच मेणबत्त्या येतात. सत्कार शेवटी, दोन मिनिटं, नारळ आणि रोपटं. सव्वासात : सुरू. समोर अकरा माणसं असली तरी सुरू.

पावणेनऊला काम संपत नाही. मोठ्यांनी खुर्च्या, मुलांनी सतरंज्या झटकून दुमडायच्या, दोघांनी बॅटरी घेऊन हिरवळीवरून रांगेत चालायचं : पेले, सेफ्टी पिना, मुलांच्या चपला, एकदा कुणाची कवळी. घुंगरू विशेष बघा, एक सुटा घुंगरू रविवारी सकाळी गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यात गेला की माळीदादा पुढच्या शुक्रवारी पाणी बंद ठेवत नाहीत.